घरटी एक

धाकट्यानं फॉर्म आणला तो दोन्ही हातांनी समोर धरून. पंधरा वर्षं ओल्या कागदाची पट्टी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारा माणूस कोरडा कागदही तसाच धरतो.

"घरटी एक," तो म्हणाला. "दुसरा मिळणार नाही. वर नंबर आहे. आपला एकशे सतरा."

त्यानं फॉर्म टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर तांब्या ठेवला. मग ओला होईल म्हणून तांब्या उचलला आणि आपला चष्मा ठेवला.

एक नंबरचं मशीन बंद होऊन महिना झाला होता. दोन नंबर येत्या शुक्रवारी बंद होणार होतं. नवा मालक कागद करणार नव्हता, त्याला खोकी करायची होती. खोक्यांच्या कारखान्याला दीडशे माणसं लागणार होती. कॉलनीत घरं दीडशे. म्हणून घरटी एक नोकरी. ती कुणाला द्यायची ते घरानं ठरवायचं, त्याचं नाव लिहायचं, घरातल्या बाकीच्या कामगारांनी संमतीची सही करायची, आणि आज पाचच्या आत फॉर्म टाइम ऑफिसात द्यायचा. पाच वाजून गेले तर त्या घराची नोकरी गेली. मालक हुशार होता. भांडण गेटवर होऊ नये म्हणून त्यानं ते घरोघरी वाटून टाकलं होतं.

या घरात तिघं मिलमध्ये होते. थोरला लगद्याच्या टाकीवर, चोवीस वर्षं. धाकटा दोन नंबरच्या मशीनवर. आणि थोरल्याची बायको निवडखान्यात, एकोणीस वर्षं. तिथं ती कागदाचा गठ्ठा पंख्यासारखा उलगडायची आणि डागाचं पान न बघता बाहेर काढायची.

बाबा निवृत्त होते. चाळीस वर्षं ते मशीनमन होते. एक नंबर थांबल्यापासून त्यांना घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली होती आणि ती त्यांना आवडत नव्हती.

आई असती तर हे प्रकरण पंधरा मिनिटांत मिटलं असतं. तिनं कुणालाही न विचारता नाव लिहून टाकलं असतं आणि मग सगळ्यांना विचारलं असतं. तिला जाऊन सात महिने झाले होते. या सात महिन्यांत घरात एकही निर्णय झाला नव्हता. पडदे कधी धुवायचे हेसुद्धा ठरलं नव्हतं.

"धाकट्याचं नाव घाला," थोरला म्हणाला.

"काहीतरीच काय, दादा. तुझा हक्क आहे."

"माझं काय, माझी चोवीस वर्षं झाली."

"म्हणून तर."

"तुझं वय आहे अजून. तू घे."

"तुझी मुलगी शिकतेय. तू घे."

थोरल्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळी धाकटा हात धुवायला गेला तेव्हा तिनं चष्मा बाजूला करून फॉर्म वाचला होता. पुढची बाजू एकदा, मागची दोनदा. मागे काम काय ते लिहिलं होतं. तयार खोकी तपासणं, खराब बाजूला काढणं, चांगली बांधणं. एकोणीस वर्षं तिनं दुसरं काय केलं होतं? तिला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती की पोळ्या करताना तिची एक पोळी करपली, आणि तिची पोळी करपत नसे.

पण दोघं भाऊ ती नोकरी एकमेकांना देण्यात इतके गुंतले होते, की तिसरं कुणी ती घेऊ शकेल हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. बारा वाजेपर्यंत "तू घे" अकरा वेळा झालं. तिला मोजायची सवय होती.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "मग द्या एकमेकांना."

जेवणं झाली आणि ताई आली. ताई म्हणजे मधली बहीण, तीन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिचा नवरा एक नंबरवर होता. त्यांच्या घरी कामगार एकच, त्यामुळे त्यांचा फॉर्म साडेदहालाच भरून झाला होता आणि ताई मोकळी होती. ती दारातून बोलतच आत आली आणि थेट आईच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत सात महिने कुणी बसलं नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"काय झालं? खुर्ची आहे, पुतळा नाही. कुठवर आलं तुमचं?"

"दादा नाही म्हणतोय," धाकटा म्हणाला.

"दादा कायम आधी नाहीच म्हणतो. लहानपणी दूधसुद्धा नाही म्हणायचा आणि मग माझं प्यायचा. लिहा दादाचं नाव. आजोबांपासून या घरातला थोरला मिलमध्ये आहे. बाबा, बरोबर ना?"

बाबांनी मान हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, ते कुणाला कळलं नाही. त्यांनी चष्मा बाजूला सरकवून फॉर्म हातात घेतला होता.

"ठीक आहे," धाकटा म्हणाला. "मग रविवारच्या लोकांना तेवढं कळव, ताई."

"कुठले रविवारचे?"

"मला बघायला येणार आहेत ते. तूच ठरवलंयस."

ताईनं कपाळावर हात मारला. अडतीस वर्षांच्या भावाचं लग्न जमवायला तिनं चार वर्षं चपला झिजवल्या होत्या. सतरा घरांनी नाही म्हटलं होतं. अठराव्या घरानं विचारलं होतं, मुलगा काय करतो, आणि ताईनं छातीठोकपणे सांगितलं होतं, मिलमध्ये कायम आहे.

"धाकट्याचंच नाव घाला," ती म्हणाली.

"अगं, आत्ता तर..."

"आत्ताचं आत्ता. दादा, तुझं लग्न झालंय, तुला आता कोण नापास करणार? बिनकामाच्या माणसाला मुलगी कोण देईल? तू मघापासून तू घे, तू घे म्हणतोयस ना? मग घेतली त्यानं."

थोरला उठून उभा राहिला. "म्हणजे? मी घे म्हणतोय तर तुम्ही खरंच घेताय?"

"मग कशाला म्हणत होतास?"

"म्हणायचं असतं!"

"बघ," धाकटा म्हणाला. "मला वाटलंच होतं. मनात नव्हतंच त्याच्या."

"तुझ्या तरी मनात होतं का? माझा हक्क म्हणे! हक्क होता तर नंबर लावून फॉर्म तू कशाला आणलास?"

"तू झोपला होतास म्हणून!"

"माझी रात्रपाळी होती!"

ताई धाकट्याच्या बाजूनं बोलत होती, मग थोरला हळवा झाला तेव्हा त्याच्या बाजूनं बोलली, मग दोघांच्याही विरुद्ध बोलली. आवाज इतका चढला की समोरच्या घरातलं भांडण थांबलं आणि तिथले लोक खिडकीत येऊन ऐकू लागले.

"हा कागद आपला नाही," बाबा म्हणाले.

ते हळूच म्हणाले, पण सगळे गप्प झाले.

"काय?"

"आपल्या मिलचा नाही." बाबांनी फॉर्म कानाजवळ नेऊन हलवला. "ऐका. आवाज बघा कसा. पापडासारखा."

थोरला वळला. "द्या बघू." त्यानंही कानाजवळ धरला. "खरंच की. सहाशे माणसांच्या मिलमध्ये आपल्याच नोकरीचा फॉर्म दुसऱ्याच्या कागदावर!"

"उजेडात धर," धाकटा म्हणाला. दोघं खिडकीशी गेले. "बघ, ढग दिसतायत. लगदा नीट पसरलेलाच नाही. आणि छापलाय बघ, जाळीची खडबडीत बाजू वर. काय माणसं आहेत."

"चौरस मीटरला वजन किती ग्रॅम असेल?" बाबांनी विचारलं. मुलं लहान असताना ते जेवताना असेच विचारायचे आणि चुकणाऱ्याला हसायचे.

"पंचावन्न," थोरला.

"साठ. पैज लाव."

"अठ्ठावन्न," खुर्चीत बसल्या बसल्या ताई म्हणाली. ती कधी मिलमध्ये नव्हती, पण मशीनमनची मुलगी होती. "आणा इकडे, लांबून सांगतेय मी."

बाबांनी कडेची एक पट्टी उभी फाडली. सरळ गेली. एक आडवी फाडली, ती वाकडीतिकडी गेली. "दिशा बघा. उभी पट्टी सुरीसारखी. म्हणजे मशीन जोरात पळवलंय. घाई आहे लोकांना."

"पाण्यात टाका, म्हणजे खरी दिशा कळेल," धाकटा म्हणाला.

"शाई फुटते का बघू आधी." थोरल्यानं एक कोपरा जिभेला लावला. "हा बघा, टीपकागदासारखा ओल ओढतोय. ओल अडवायला चिकण घातलीच नाही!"

"चिकण नाही, पण खडू भरपूर घातलाय," धाकटा म्हणाला. "पैज. राख बघू या." त्यानं काडी पेटवली. बशीत एक तुकडा जळला आणि पांढरी राख जशीच्या तशी उभी राहिली. "बघा! अर्धा खडू! कागद म्हणून खडू विकतायत."

"लबाड," ताई म्हणाली.

थोरल्याच्या बायकोनं पदराला हात पुसले आणि ती पुढे आली. तिलाही राहवलं नाही. उरलेला भाग तिनं डाव्या हाताच्या बोटांवर घेतला आणि अंगठ्यानं कड दाबत गेली. "कडेला लाट आहे. आमच्याकडे हा रद्दीत गेला असता." तिनं एक सुरकुती दाखवायला तो दुमडला, उलगडला, परत दुमडला. घडीवर तो फाटला. "घडीला टिकत नाही. बघा."

"सूनबाईनं बरोबर पकडलं," बाबा म्हणाले.

सात महिन्यांत पहिल्यांदा घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं होतं. थोरल्यानं धाकट्याच्या खांद्यावर हात टाकला. वजन अठ्ठावन्न ठरलं आणि ताईला पहिला नंबर मिळाला. सगळे हसत होते.

हसता हसता थोरल्याच्या बायकोची नजर टेबलावर गेली.

"आणि फॉर्म?" ती म्हणाली.

बशीत राख होती. वाटीतल्या पाण्यात एक पट्टी गोल वळून पडली होती. थोरल्याच्या खालच्या ओठाला एक तुकडा चिकटला होता, त्यावर 'अर्जदाराचे' एवढंच वाचता येत होतं. तिच्या स्वतःच्या हातात दोन तुकडे होते. बाबांच्या मुठीत वरचा कोपरा होता, एकशे सतरा.

"पहिल्यांदा फाडला कुणी?" ताईनं विचारलं.

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं.

"मी कडेचा फाडला," बाबा म्हणाले. "कडेला काही लिहिलेलं नव्हतं."

तीन वाजले होते. थोरला म्हणाला, संपलं सगळं. धाकटा म्हणाला, पळत जाऊन पाय धरू. ताई म्हणाली, रविवारच्या लोकांना आता मी काय सांगू. बाबा उठले, आतल्या कपाटाशी गेले आणि बराच वेळ तिथं उभे राहिले. कपाटात मिलच्या जाड कागदाची एक गड्डी होती. आईनं पत्रांसाठी घेतली होती आणि तीन पानं वापरून बाकीची ठेवून दिली होती, कधीतरी चांगल्या कामाला होतील म्हणून. त्या गड्डीला बाबांनी इतक्या दिवसांत हात लावला नव्हता. त्यांनी वरचं पान काढलं. बोटांमध्ये धरून बघायची गरज नव्हती. हे त्यांनी स्वतः मशीनवर काढलं होतं.

"सूनबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. जसाच्या तसा उतरवा. नंबरचा कोपरा वर चिकटवू. पण मजकूर..."

"आहे माझ्या लक्षात," ती म्हणाली आणि तिनं टेबलाशी उभ्या उभ्याच लिहायला घेतलं.

ती भराभर लिहीत गेली. घराचा क्रमांक, खाती, वर्षं, अटी एक ते सात. बाकीचे सगळे खुर्च्या ओढून तिच्या भोवती बसले होते.

"तुला पाठ कसा?" थोरल्यानं विचारलं.

"वाचला म्हणून."

"कधी?"

"सकाळी. तुम्ही दोघं एकमेकांना देत होता तेव्हा." तिनं पान उलटलं. "कामाचं स्वरूप. तयार खोकी तपासणं, सदोष खोकी वेगळी करणं, मोजून बांधणं. आठ तास उभ्यानं."

"आणि लगदा?" थोरला म्हणाला.

"लगदा नाही. टाकी नाही. मशीनही नाही, भाऊजी. पुठ्ठा बाहेरून येणार."

"हे कुठं लिहिलं होतं?"

"मागच्या बाजूला."

धाकट्यानं बशीकडे बघितलं. "मागची बाजू मी जाळली," तो म्हणाला.

कागदाबद्दल त्या घरात जेवढं कळण्यासारखं होतं तेवढं सगळं कळलं होतं. त्यावर लिहिलंय काय, ते मात्र एकीनंच बघितलं होतं.

सव्वाचार वाजले. सगळं लिहून झालं, एक ओळ रिकामी राहिली. तिनं पेन वर धरलं. "नाव?"

थोरल्यानं घसा साफ केला. "असं बघ, धाकट्या, खोकी तर खोकी. तू..."

"नाही दादा, आता तर तूच..."

"माझं घालते," ती म्हणाली, आणि घातलं.

थोरला वाकून ते नाव वाचत राहिला. लग्नपत्रिकेनंतर त्यानं ते असं पूर्ण लिहिलेलं बघितलं नव्हतं.

"तू विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"सकाळी दहापासून या घरात नोकरी फिरतेय. मला कुणी विचारलं?"

"तसं नाही गं. पण लोक काय म्हणतील? बायको कामावर आणि नवरा घरी."

"लोकपण घरीच असणार आहेत, दादा," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस," ताई म्हणाली. "आणि ते रविवारचे?"

"त्यांना खरं सांग. म्हणावं, मुलाला सध्या नोकरी नाही, वहिनीला आहे. आवडली तर वहिनीला बघून जा."

ताईला हसायचं नव्हतं, पण ती हसली. मग तिनं वहिनीकडे नीट बघितलं. ती मघापासून एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत लिहीत होती, कारण खुर्च्यांवर हे सगळे बसले होते. ताई आईच्या खुर्चीतून उठली. "बस आधी," ती म्हणाली. "आणि धाकट्या, सही कर. मी आता वहिनीच्या बाजूनं आहे."

"किती वेळ?"

"पाचपर्यंत तरी आहे. कर."

धाकट्यानं सही केली. पेन थोरल्याकडे आलं. त्याच्या मनात चोवीस वर्षांची टाकी होती, आजोबा होते, आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याचा चेहरा होता, जो उद्या विचारणारच होता. त्यानं बायकोकडे बघितलं. कुठल्याही प्रश्नाला ती "बघू" म्हणायची. मुलीला शिकायला बाहेर पाठवायचं का, बघू. आईला दवाखान्यात हलवायचं का, बघू.

"तुला खरंच हवीय?" त्यानं हळूच विचारलं.

"हो."

त्यानं सही केली. पेन ठेवणार इतक्यात बाबांनी ते घेतलं.

"बाबा, तुमची लागत नाही. तुम्ही निवृत्त आहात."

"लागत नाही म्हणून काय झालं?" बाबा म्हणाले, आणि त्यांनी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी सही केली. आधी नाव, मग चर्चा. हीच बरोबर पद्धत, त्यांना वाटलं. हे सांगायला त्यांनी आईच्या खुर्चीकडे मान वळवली, आणि मग परत सरळ केली.

पाचला वीस मिनिटं असताना ती टाइम ऑफिसच्या रांगेत उभी होती. थोरला बाहेर नळाशी थांबला होता. खिडकीत मिलचा जुना टाइमकीपर होता आणि त्याच्या शेजारी नव्या मालकाचा एक तरुण माणूस. तो तरुण रडकुंडीला आला होता. टेबलावर आलेल्या फॉर्मांचा ढीग होता. एकालाही चारही कोपरे नव्हते. काहींच्या कडा जळलेल्या होत्या, काही ओले होऊन वाळले होते, एक तर लिफाफ्यातून चुऱ्याच्या रूपात आला होता.

"पण का?" तो तरुण विचारत होता. "प्रत्येक घरात काय आग लागली होती का?"

"कागद हलका होता, साहेब," टाइमकीपर म्हणाला. "पुढच्या वेळी इथलाच वापरा."

तिचं पान त्यानं हातात घेतलं, चिकटवलेला कोपरा बघितला आणि ढिगावर ठेवता ठेवता थांबला. "अहो वहिनी, घाईत चूक झालेली दिसते. नावाच्या जागी तुमचं पडलंय. पाच मिनिटं आहेत, दुरुस्त करून देऊ का?"

तिला एकदम वाटलं की हा माणूस खरंच पेन उचलेल आणि नाव बदलेल, आणि नेहमीसारखंच आपण बघत राहू. तिनं खिडकीतून हात आत घातला आणि पानावर ठेवला.

"चूक नाही," ती म्हणाली. "शिक्का मारा."

तिनं हात काढला नाही म्हणून त्याला तिच्या बोटांशेजारी शिक्का मारावा लागला. थोडी शाई अंगठ्याला लागली. "सोमवारी सकाळी सहाला," तो म्हणाला.

थोरला नळाशी उगाच हात धूत होता. "झालं?"

"झालं. सोमवारी सहाला."

दोघं चालायला लागले. गेटजवळ माणसं घोळक्यानं उभी होती, कुणी भांडत होतं, कुणी नुसतं उभं होतं. दोन नंबरचा आवाज अजून येत होता. ती वाट बघत होती, आता तो काय म्हणतो म्हणून. कॉलनीच्या वळणावर त्यानं विचारलं, "सहाची पाळी म्हणजे मला पाचला उठवशील?"

"तुम्हाला कशाला?"

"डबा नको का तुला?"

तिनं चालता चालता त्याच्याकडे बघितलं. "येतो तुम्हाला करायला?"

"नाही. म्हणून तर एक तास आधी."

तिनं थोडा विचार केला.

"मग चारला उठा," ती म्हणाली.